पहिला फोन पुण्याला नको

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. आई ६४ ची, तिला बीपीची गोळी चालू आहे. मे महिन्यात दोघं एका टूर कंपनीबरोबर १४ दिवस पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली करणार आणि तिथून लंडनला माझ्या बहिणीकडे तीन आठवडे राहणार. पैसे भरून झालेत. पण आमच्या सोसायटीतल्या एका काकांना गेल्या वर्षी परदेशात ॲडमिट करावं लागलं आणि विमा कंपनीने ‘वेळेत कळवलं नाही’ म्हणून त्यांचा क्लेम नाकारला. ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. कुणाला फोन करायचा? टूर मॅनेजर काय करतो? पैसे कुठून भरायचे? आईला इंग्रजी बोलायची धास्ती आहे. ती म्हणते, “काही झालं तर मी सरळ तुलाच फोन करीन.”
– एक वाचक, कोथरूड

ताई,

तुमच्या आईंच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण खरा धोका तिथे आहे. पॅरिसच्या हॉटेलात रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तर पुण्यात पहाटेचे साडेपाच झालेले असतील. आई तुम्हाला फोन लावणार. तुमचा फोन सायलेंटवर. तिसऱ्यांदा लावल्यावर तुम्ही उचललात, तरी कोथरूडमधून काय करणार? फॅमिली डॉक्टरांना उठवणार, ते म्हणणार “तिथल्या हॉस्पिटलला न्या”, मग तुम्ही आईला उलटा फोन करणार. यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. रक्तवाहिनी बंद पडलेली असेल तर तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो आणि तो परत येत नाही. म्हणून आईंना आजच सांगा, आणि प्रेमाने पण ठामपणे सांगा : पहिला फोन पुण्याला नको. तुमचा नंबर चौथा.

क्रम असा. हॉटेलात असतील तर खोलीतल्या फोनवरून रिसेप्शन. बहुतेक ठिकाणी ० किंवा ९; खोलीत शिरल्या शिरल्या फोनवर बघून ठेवायचं. “ॲम्ब्युलन्स” हा एक शब्द आणि खोलीचा नंबर, एवढं पुरतं. पुढचं फ्रेंचमध्ये किंवा इटालियनमध्ये रिसेप्शनवरचा माणूस बोलतो. अर्ध्या मिनिटात कुणी उचललं नाही, किंवा हॉटेलबाहेर असतील, तर मोबाइलवरून ११२. त्यानंतर टूर मॅनेजर. त्यानंतर विमा कंपनीची मदतवाहिनी, तीही शक्यतो टूर मॅनेजरच्या हातून. मग तुम्ही.

नंबरांच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. ११२ हा सगळ्या युरोपियन युनियनचा आपत्कालीन नंबर आहे. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, तिथे ॲम्ब्युलन्सचा नंबर १४४ आहे, पण ११२ सुद्धा लागतो. ब्रिटनचा ९९९, तिथेही ११२ चालतो. आणि आपल्याकडेही आता ११२ च आहे. म्हणजे पुण्यापासून लंडनपर्यंत आईंनी एकच आकडा पाठ करायचा. (दुसरीकडे जाणाऱ्या वाचकांसाठी ॲम्ब्युलन्सचे नंबर : अमेरिका-कॅनडा ९११, ऑस्ट्रेलिया ०००, न्यूझीलंड १११, दुबई ९९८, सिंगापूर ९९५, थायलंड १६६९, जपान ११९.) ११२ ला पैसे पडत नाहीत, मात्र सिम कार्ड फोनमध्ये असू द्या. सिम नसलेल्या फोनवरून काही देशांत हा फोन लागत नाही, आणि त्यात फ्रान्स आणि ब्रिटन दोन्ही आहेत. विमानात सिम बदलताना जुनं काढलं आणि नवं सुरूच झालं नाही, असं होऊ देऊ नका.

फोन लागल्यावर तिकडचा माणूस बरेच प्रश्न विचारतो. आपल्याकडच्या सवयीने वाटतं, हा वेळ घालवतोय, गाडी पाठवत का नाही? तसं नसतं. फ्रान्समध्ये तर फोनवरच डॉक्टर येतात आणि साधी ॲम्ब्युलन्स पाठवायची की डॉक्टर असलेली गाडी, हे उत्तरांवरून ठरवतात. त्यांनी ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. आणखी एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या घाबरतील : तिथली डॉक्टरांची टीम बऱ्याचदा खोलीतच ईसीजी काढते, शिरेतून औषध सुरू करते आणि पेशंट स्थिर झाल्यावर हलवते. अर्धा तास झाला तरी नेत नाहीत, म्हणजे हयगय चाललेली नसते. उपचार सुरू झालेले असतात.

टॅक्सी करून जायचं नाही. जवळचं हॉस्पिटल म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय असलेलं हॉस्पिटल असेलच असं नाही. ॲम्ब्युलन्सवाल्यांना कुठे जायचं ते माहीत असतं, आणि वाटेत हृदय थांबलं तर त्यांच्याकडे शॉक द्यायचं यंत्र असतं. टॅक्सीवाल्याकडे यातलं काही नसतं.

आता ओळखायचं कसं. आपल्या घरांत छातीतल्या दुखण्याचं पहिलं नाव ‘पित्त’ आणि दुसरं ‘गॅस’. परदेशात तर कारणही हाताशी असतं : काल चीज खाल्लं, जेवण उशिरा झालं. मग ओवा चावला जातो, जेलुसिल घेतलं जातं, सकाळी बघू म्हणून झोपायचा प्रयत्न होतो. बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांना छातीत जोराची कळ येईलच असंही नाही. मधुमेहात मज्जातंतू मंदावलेले असतात. दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा, उलटी, एकाएकी गळून जाणं, इतकीच लक्षणं दिसू शकतात. स्टेंट असलेल्या माणसाला यातलं काहीही होऊन पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर ते हृदयाचं आहे असंच धरून चालायचं. शेवटी पित्तच निघालं तर कुणी रागावत नाही.

बाबांना भिंतीला टेकवून बसवायचं, चालू द्यायचं नाही, जिना तर नाहीच. ११२ वरचा माणूस बहुधा ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला सांगेल. आपल्या ७५ च्या गोळ्या असतील तर चार. चावूनच, कारण त्या गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं आणि नुसती गिळली तर काम उशिरा सुरू होतं. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेटची (छातीत दुखल्यावर घ्यायची) गोळी दिलेली असेल तर बसूनच जिभेखाली ठेवायची. उभ्याने घेतली तर बीपी खाली जाऊन माणूस पडतो. या दोन्ही गोष्टी निघण्यापूर्वी बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून कागदावर लिहून घ्या, म्हणजे रात्री दोन वाजता आईंना ठरवत बसावं लागणार नाही.

पक्षाघाताचं मात्र उलटं. हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला ओढलं जातंय, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली येतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी ११२. पण तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाणी नाही, ॲस्पिरिनही नाही. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढतो. घड्याळ मात्र बघायचं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न हाच असतो : शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलं होतं?

ग्रुप टूरमध्ये सगळ्यात जास्त घडण्यासारखं आणि सगळ्यात सहज टाळता येण्यासारखं संकट म्हणजे साखर उतरणं. सकाळी खोलीत इन्सुलिन घेतलं, खाली नाश्त्याला रांग, तेवढ्यात बस निघाली. किंवा दुपारचं जेवण दीडला सांगितलं होतं आणि ट्रॅफिकमध्ये तीन वाजले. नियम एकच : ताट समोर आल्याशिवाय सुई लावायची नाही. (त्यांचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घेण्याचं असेल तर टूरपुरतं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा.) मशीनवर ७० च्या खाली आकडा आला, किंवा मशीन नसताना थरथर, घाम, चिडचिड, गोंधळ दिसला, की १५ ग्रॅम साखर : चहाचे तीन सपाट चमचे पाण्यात, किंवा साधारण दीडशे मिलिलिटर फळांचा रस, किंवा तेवढंच साधं कोला. डाएट नाही, त्यात साखर नसते. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं आणि आकडा वर आला नसेल तर तेवढंच पुन्हा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, ११२. साखरेच्या पुड्या आईंच्या पर्समध्ये आणि बाबांच्या खिशात, दोन्हीकडे. सामानाच्या बॅगेत ठेवलेली साखर बसच्या पोटात असते.

साखरेच्या आकड्यांचाही एक घोटाळा लंडनमध्ये होईल. ब्रिटनमध्ये साखर वेगळ्या एककात मोजतात. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की तिथला आकडा येतो. आपली १८० म्हणजे त्यांची १०. आपली ७० म्हणजे त्यांची ३.९. तिथल्या नर्सने “टेन” म्हटल्यावर आईंना वाटेल, दहा म्हणजे गेलाच हा माणूस! हे कागदावर लिहा.

याहून गंभीर घोटाळा इन्सुलिनच्या बाटलीचा. आपल्याकडे मिळणारी बरीच इन्सुलिन ४० युनिटची असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि सिरिंजही त्याच मापाची, लाल टोपणाची. युरोपात १०० युनिटचं इन्सुलिन मिळतं. बाटली फुटली म्हणून तिथून नवीन घेतली आणि घरच्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये नेहमीच्या खुणेपर्यंत भरली, तर डोस अडीचपट होतो. १० युनिटच्या जागी २५. यात जीव जाऊ शकतो. नवीन बाटली घेतली तर सिरिंजही तिथलीच, नारिंगी टोपणाची. बाबा पेन वापरत असतील तर ही अडचण बहुधा नाही, कारण पेनमधलं इन्सुलिन साधारणपणे १०० युनिटचंच असतं. पण बाटली वापरत असतील तर निघण्यापूर्वी पेनवर बदलून घेता येईल का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. बदल केला तर किमान महिनाभर आधी, विमानतळावर नव्हे.

इन्सुलिन आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलं की ते निकामी. दिसायला पूर्वीसारखंच, म्हणून कळतही नाही. ३५ दिवसांची सहल असेल तर ५० दिवसांची औषधं न्या, मूळ पाकिटांसकट. पुणेकर स्वयंपाकघरातल्या पारदर्शक डब्यात सोमवार-मंगळवार करून गोळ्या काढून ठेवतात, ते रोजच्या वापराला ठीक, पण पाकिटं फेकू नका. डॉक्टरांकडून लेटरहेडवर, टाइप केलेलं, इंग्रजीतलं पत्र घ्या. त्यात औषधांची ब्रँडची नव्हे, मूळ नावं हवीत. इकोस्प्रिन, टेल्मा, ग्लायकोमेट ही नावं पॅरिसच्या डॉक्टरांना काही सांगत नाहीत. ॲस्पिरिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन सांगतात. जाता जाता : येताना-जाताना दुबईला थांबणार असाल तर फराळाच्या डब्यात अनारसे आणि खसखस घातलेले डिंकाचे लाडू नकोत. तिथे खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली वेदनाशामकं आणि अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्याही तिथे आधी परवानगी काढल्याशिवाय नेऊ नयेत.

आता तो कागद. ए-फोरचा एकच, दोन्ही बाजूंनी, मोठ्या अक्षरात. एका बाजूला इंग्रजीत : नाव, जन्मतारीख, रक्तगट, आजार, स्टेंट कोणत्या साली आणि कोणत्या रक्तवाहिनीत, औषधांची मूळ नावं आणि डोस, कशाची ॲलर्जी, पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांचा फोन +९१ सकट, पॉलिसी नंबर, विम्याची परदेशातली मदतवाहिनी, पासपोर्ट नंबर, तुमचा आणि बहिणीचा फोन. दुसऱ्या बाजूला आईंसाठी मराठीत : फोनचा क्रम, वर लिहिलेले साखरेचे आकडे, ॲस्पिरिनचं डॉक्टरांनी सांगितलेलं. चार प्रती : दोघांच्या खिशात एकेक, एक टूर मॅनेजरला, एक बहिणीला. सोबत दोन गोष्टी ज्या जवळजवळ कुणीच नेत नाही : अँजिओप्लास्टीच्या वेळी मिळालेलं स्टेंटचं कार्ड, आणि बाबांचा अलीकडचा, बरं असतानाचा ईसीजी. जुन्या ईसीजीत काही बदल कायमचे असतात. तो शेजारी ठेवला की तिथल्या डॉक्टरांना आजचं नवं काय ते चटकन दिसतं. फोटो फोनमध्ये साठवून ठेवा, नुसता ड्राइव्हवर नको. बोगद्यात आणि डोंगरात इंटरनेट नसतं.

विमा

तुमच्या पत्रात एक गोष्ट आम्हाला खटकली. तुम्ही काकांच्या विम्याचं लिहिलंत, पण आई-बाबांचा विमा कोणता ते लिहिलं नाहीत. टूर कंपनीने पॅकेजमध्ये दिलेला असेल तर तो बहुधा टूरच्या १४ दिवसांपुरता असतो. म्हणजे बहिणीकडचे तीन आठवडे उघडे. शिवाय शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली धरून युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा विमा लागतो म्हणून काहीजण फक्त शेंगेनपुरती पॉलिसी काढतात. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तिथे ती चालत नाही. पूर्ण ३५ दिवसांची, ब्रिटन धरून, एकच पॉलिसी असायला हवी. आणि ती निघण्यापूर्वीच. भारत सोडल्यावर साधारणपणे कुणी देत नाही.

बाबांची अँजिओप्लास्टी, मधुमेह, इन्सुलिन, सगळं अर्जात लिहा. एजंट म्हणेल, “काका फिट दिसतात, लिहू नका, प्रीमियम वाढेल.” ऐकू नका. हॉस्पिटलमधल्या पहिल्याच कागदावर ‘चार वर्षांपूर्वी स्टेंट’ असं लिहिलं जातं आणि विमा कंपनी तोच कागद वाचते. लिहिलं तरी सगळं मिळेल असंही नाही. आधीपासूनच्या आजारांना बऱ्याच पॉलिसी अजिबात संरक्षण देत नाहीत, किंवा फक्त जीवावर बेतलं असताना आणि ठरावीक रकमेपर्यंतच देतात. ती रक्कम किती, हे पॉलिसीच्या छापील मजकुरात बोट ठेवून दाखवायला सांगा. तसंच ज्येष्ठांसाठी आयसीयू, सर्जनची फी यांना वेगळ्या मर्यादा असतात; वर पाच लाख डॉलर लिहिलेलं असतं आणि आत एका दिवसाच्या आयसीयूला जेमतेम काही हजार. पाच लाखांच्या आकड्यापेक्षा हा आतला आकडा महत्त्वाचा.

ॲडमिट केल्यावर विम्याच्या मदतवाहिनीला फोन करायचा तो त्याच दिवशी. बऱ्याच पॉलिसींत २४ तासांची अट असते. हे काम आईंनी करायचं नाही. टूर मॅनेजर करील, नाहीतर तुम्ही पुण्याहून करा. हीच तुमची खरी कामगिरी, म्हणून तर तुमचा नंबर क्रमात आहे. पॉलिसी नंबर, पासपोर्ट नंबर, हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड आणि तिथला फोन द्यायचा. क्लेमचा नंबर मागून घ्यायचा, फोन कोणत्या वेळी केला ते लिहायचं आणि लगेच तेच ईमेलने पाठवायचं. पुढे ‘कळवलं नाही’ असा वाद झाला तर ईमेलच कामाला येतो. मदतवाहिनी हॉस्पिटलकडून वैद्यकीय अहवाल मागवते आणि मग पैसे भरण्याची हमी देणारं पत्र हॉस्पिटलला पाठवते. ते येईपर्यंत हॉस्पिटल कार्डावर अनामत मागू शकतं. पासपोर्टची प्रत द्या, मूळ पासपोर्ट गहाण ठेवू नका.

क्लेम फॉर्म कोरा छापून बॅगेत टाका. त्यात एक पान उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरून सही करायचं असतं. पुण्यात परत आल्यावर मिलानच्या डॉक्टरांची सही मिळवणं किती कठीण जातं, याची कल्पना फॉर्म हातात घेईपर्यंत येत नाही. डिस्चार्जच्या दिवशी ती सही, डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल आणि पैसे भरल्याची पावती, एवढं घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. बोर्डिंग पास जपून ठेवा. शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेशाची नोंद संगणकावर व्हायला लागली आहे, त्यामुळे पासपोर्टवर शिक्का नसेलही, आणि विमा कंपनी प्रवासाच्या तारखांचा पुरावा मागते. युरोपातली सरकारी हॉस्पिटलं काही वेळा बिल हातात देतच नाहीत, दोन महिन्यांनी टपालाने पाठवतात. तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर कोथरूडचा पत्ता पिनकोडसकट नीट इंग्रजीत लिहा आणि परदेशी शिक्क्याचं पाकीट आलं तर ते रद्दीत जाऊ देऊ नका.

तुमच्या सोसायटीतल्या काकांना एक निरोप द्या. केवळ उशिरा कळवलं एवढ्याच कारणावरून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे. त्यांनी आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जावं. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवं, म्हणून त्यांना आजच सांगा.

पैसे आणि माणसं

आपली कार्डं परदेशात आपोआप चालत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार परदेशातले व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा, मर्यादा वाढवा. दोन वेगळ्या बँकांची कार्डं, एक बाबांकडे, एक आईंकडे, आणि दोन्हींचे पिन आईंना पाठ हवेत. तिथल्या मशीनवर पिन मागतात, आणि पिन जाणणारा माणूस स्ट्रेचरवर असेल तर कार्डाचा उपयोग नाही. पुण्याच्या नंबरवर रोमिंग सुरू ठेवा, ओटीपी तिथेच येतो.

टूर मॅनेजर ॲम्ब्युलन्स बोलावतो, बहुतेक वेळा हॉस्पिटलपर्यंत येतो, बोलणी करून देतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस माणसांची बस घेऊन त्याला पुढच्या गावाला जावंच लागतं. त्यात त्याचा दोष नाही. त्या वेळी आई परक्या शहरात, बाबा आयसीयूत आणि ओळखीचं कुणी नाही, ही वेळ येऊ शकते हे धरून तयारी हवी. आईंचा स्वतंत्र फोन, स्वतंत्र सिम. प्रत्येक हॉटेलात पोहोचल्यावर रिसेप्शनवरचं कार्ड पर्समध्ये.

तुम्हाला वाटत असेल, बहीण लंडनहून रेल्वेने सव्वादोन तासांत पॅरिसला पोहोचेल. तिच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तिलाही शेंगेन व्हिसा लागतो. तो तिने आत्ताच काढून ठेवावा. तुमचा स्वतःचा पासपोर्ट चालू आहे का, तेही बघा. मुदत संपली असेल तर मुंढव्याच्या सेवा केंद्रात आत्ता शांतपणे नूतनीकरण करा.

बाबांना व्हिसाच्या तारखेपलीकडे हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं, तर आजारपणासारख्या कारणासाठी शेंगेन व्हिसाची मुदत विनाशुल्क वाढवून मिळते. मात्र अर्ज मुदत संपण्याआधी, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह, स्थानिक कार्यालयात करावा लागतो. पॅरिस, बर्न, रोम इथल्या भारतीय दूतावासांचे तातडीचे नंबर त्यांच्या संकेतस्थळांवर असतात, ते कागदावर घ्या. दूतावास बिल भरत नाही. अगदी निराधार अवस्थेसाठी २००९ पासून एक कल्याण निधी आहे, पण त्यावर विसंबू नका. पासपोर्ट हरवणं, भाषेची अडचण, घरच्यांशी संपर्क, यात मात्र त्यांची खरी मदत होते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तुम्ही पुण्यातूनही तक्रार नोंदवू शकता.

लंडनमध्ये बहीण आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. जीवावरचं नसेल तर १११ वर फोन, तिथे नर्स किंवा डॉक्टर काय करायचं ते सांगतात. तातडीच्या विभागातले उपचार पाहुण्यांनाही मोफत आहेत. पण वॉर्डात ॲडमिट केलं की आपल्यासारख्या पाहुण्यांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, दराच्या दीडपट आकारणी होते. ५०० पौंड किंवा जास्त बाकी दोन महिने थकली तर पुढचा ब्रिटनचा व्हिसा अडू शकतो. म्हणून तिथेही विम्याला त्याच दिवशी कळवायचं.

स्वित्झर्लंडमधला युंगफ्राउयोखचा दिवस वेगळा सांगायला हवा. ती जागा ३,४५४ मीटर उंच आहे. पुणे ५६० मीटरवर, सिंहगड सुमारे १,३०० मीटर. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, म्हणजे तेवढाच प्राणवायू, आणि रेल्वे माणसाला काही तासांत तिथे नेऊन ठेवते. बाबांच्या डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट किंवा टू-डी इको बघून हो म्हटलं तरच वर. वर गेल्यावर पहिला तासभर हळू चालायचं, बर्फात फोटोसाठी पळापळ नाही. डोकं दुखणं, धाप, छातीत दडपण यातलं काही आलं तर ग्रुपची वाट न बघता पुढच्या गाडीने खाली. डॉक्टर नाही म्हणाले तर बाबांनी त्या दिवशी खाली इंटरलाकेनमध्ये थांबावं. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्या.

राहिली आईंची धास्ती. त्यांना इंग्रजी शिकवू नका, चार वाक्यं शिकवा : “ॲम्ब्युलन्स प्लीज. माय हजबंड, चेस्ट पेन. सिक्स्टी-एट, डायबेटिक, हार्ट स्टेंट. हॉटेल अमुक, रूम थ्री-वन-टू.” मग “हिंदी, प्लीज” असं विचारून बघायचं, दुभाषा मिळाला तर मिळाला. व्याकरण चुकलं तरी गाडी येते. खोलीचा नंबर चुकला तर दुसऱ्या मजल्यावर शोधत बसते, म्हणून आकडे एकेक करून, सावकाश. येत्या रविवारी तुम्ही आतल्या खोलीत जा, आईंना बाहेरून फोन लावायला सांगा आणि ११२ वरचा माणूस होऊन इंग्रजीत प्रश्न विचारा. पहिल्यांदा त्या अडखळतील. लाजतील, हसतील, कंटाळतील. सहा-सात वेळा करा, कागद हातात धरून आणि मग कागदाशिवाय. बाबांकडूनही करून घ्या, कारण फोन करायची वेळ त्यांच्यावर आईंसाठीही येऊ शकते.